साडूंची शंभर लिटरची टाकी

पाण्याकडे माझ्या साडूंइतक्या संशयाने पाहणारा प्राणी माशांमध्येसुद्धा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नात मुलीबरोबर काही नाती न मागता मिळतात, त्यांतलं हे एक. बत्तीस वर्षं त्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढली, तीही पाणी शुद्ध करायच्या विभागात. नदीचं पाणी आत घ्यायचं, गाळायचं, त्यातले क्षार एकेक करून बाहेर काढायचे आणि शेवटी नुसतं पाणी म्हणून जे काही उरेल ते बॉयलरला द्यायचं, हे त्यांचं काम. मी जवळपास तेवढीच वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पण पाणी प्यावं आणि त्याने आंघोळ करावी, यापलीकडे मला त्याबद्दल कधी कुतूहल वाटलं नाही. साडूंना याचं मनापासून वाईट वाटतं. "धरणांच्या खात्यात राहून कोरडे राहिलात, साडूभाऊ," असं ते दर दिवाळीला फराळाच्या ताटावर म्हणतात, आणि मग माझ्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला उचलून उजेडात धरून बघतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेनासारखंच दिसणारं एक यंत्र असतं. ते पाण्यात बुडवलं की पाण्यात क्षार किती आहेत याचा आकडा दिसतो. घड्याळ विसरून ते घराबाहेर पडतील, चष्मा विसरतील, एकदा तर बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, विसरून अर्ध्या रस्त्यात पोचले होते. पण ते यंत्र कधी विसरले नाहीत. हॉटेलात वेटरने पाणी ठेवलं की ते आधी यंत्र बुडवतात, आकडा बघतात आणि वेटरकडे असं पाहतात की तो बिचारा न विचारता चहा आणतो. पाथर्डी फाट्याजवळच्या एका कार्यालयात लग्न होतं. पंगतीत जगमधून वाढलेल्या पाण्यात यंत्र बुडवून हे मोठ्याने म्हणाले, "तीनशे ऐंशी." मुलीचे वडील मागेच उभे होते. त्यांना वाटलं, हे पानं मोजताहेत. त्यांनी घाईघाईने आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि तीनशेचीच तयारी आहे, उरलेली ऐंशी कुठून आली, यावर दोघांची चांगलीच जुंपली. साडू मात्र शांतपणे स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत जिलबी खात होते.

माणूस विक्षिप्त, पण एकदा मनात घेतलं की मागे हटणारा नव्हे. त्यांनी जे सगळ्यात मोठं मनात घेतलं ते ताईंमुळे. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीची सुरुवातीची अकरा वर्षं त्या सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवत होत्या. साडू वीज केंद्राच्या वसाहतीत, पाळ्यांमध्ये अडकलेले. ताई वणीला खोली घेऊन राहायच्या आणि तिथून रोज जीपने वर डोंगरात जायच्या. दहा जणांच्या जीपमध्ये सतरा माणसं. वाटेत बाईमाणसाने उतरावं अशी जागा नाही, शाळेत तशी सोय नाही. तेव्हा ताईंनी त्यावर एक साधा उपाय काढला. सकाळी अर्धा कप चहा घ्यायचा आणि संध्याकाळी खोलीवर परत येईपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. पुढे बदली होऊन त्या नाशकात आल्या, इंदिरानगरला घर झालं, पण गाडीत बसायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही ही सवय अंगात मुरली ती मुरलीच. वीस मिनिटांच्या सिटी बसलासुद्धा त्या आधी दोन तास कोरड्या राहायच्या. घरात कोणाला हे माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

ते कळलं तिसऱ्यांदा मुतखडा झाला तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं, "प्रवासात पाणी पिता ना व्यवस्थित?" ताई सहज म्हणाल्या, "छे हो, प्रवासात कशाला पाणी." डॉक्टरांनी मग खोदून खोदून विचारलं आणि सगळा इतिहास बाहेर आला. साडू खाटेच्या पायथ्याशी थर्मास धरून उभे होते. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर, दर तासाला थोडं थोडं, घरी असा नाहीतर गाडीत. एका मूत्रपिंडाने आधीच मान टाकायला घेतली आहे, आता दुसऱ्याला जपा. आम्ही बाहेर आलो. साडू बाकावर बसले आणि म्हणाले, "बत्तीस वर्षांत बॉयलरला मी एक तास पाण्यावाचून ठेवलं नाही, साडूभाऊ. आणि ही तीस वर्षं कोरडी फिरतेय, मला पत्ता नाही." त्यांच्यावर विनोद करायची माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी मी नुसता त्यांच्या हातातला थर्मास घेतला.

ताईंनी डॉक्टरांचं ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. पाणी प्यायचं तर घरी बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या नाहीत. मैत्रिणींबरोबर गाणगापूरला जायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. सुरगाण्याकडून यमुनाचे फोन यायचे. यमुना ही त्या पाड्यावरच्या शाळेतली ताईंची पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. आता तिथेच अंगणवाडी चालवते. तिने नवं घर बांधलं होतं आणि बाईंचे पाय लागल्याशिवाय नव्या चुलीवर गोडधोड करायचं नाही असं धरून बसली होती. ताई दर वेळी फोनवर "बघते, बघते" म्हणायच्या आणि फोन ठेवला की खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. दोन वर्षं हे चाललं. मग एका सकाळी साडू आमच्याकडे आले, पेल्यात यंत्रसुद्धा न बुडवता घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "ती जाणार. आणि पाणी पीत पीत जाणार."

पुढच्या महिन्यात त्यांनी एका शाळेने काढून टाकलेली जुनी मिनीबस आणली. अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडे नेऊन तिच्यातली बाकं काढली, दोन आडव्या बैठका केल्या, कोपऱ्यात दार लागेल असं शौचालय केलं आणि बैठकीखाली शंभर लिटरची टाकी बसवली. आता फिरतं घर करणारा माणूस पडद्यांचा रंग बघतो, गादी बघतो, गॅस बघतो. साडूंच्या गाडीत गादी म्हणून जे होतं ते टाकीचं झाकण. पडदे आलेच नाहीत. शौचालयाच्या खिडकीची काच मात्र त्यांनी स्वतः दोनदा बदलली, बाहेरून काही दिसत नाही ना हे बघायला मला दुर्बीण घेऊन रस्त्यापलीकडे उभं केलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी माझ्याबद्दल काय समज करून घेतला असेल याची त्यांना अजिबात फिकीर नव्हती. गाडीला ते अभिमानाने कॅराव्हॅन म्हणायचे. ताई टाकी म्हणायच्या. हळूहळू सगळी सोसायटी टाकी म्हणू लागली आणि साडू टाकीवाले काका झाले.

टाकीचे नियम इतके कडक होते की आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं त्यापुढे सैल वाटावं. टाकी भरायचा पाइप वेगळा. तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून कपाटात राहायचा आणि त्याने कोणी गाडी धुतली तर त्या माणसाची खैर नव्हती. फेरी झाली की टाकी पूर्ण रिकामी करायची, झाकण उघडून दोन दिवस वाळवायची, पुन्हा भरण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने धुवायची, मग तो वास जाईपर्यंत तीनदा खळबळून काढायची. हे सगळं पाणी सोसायटीच्या बागेत जायचं. शिवाय टाकी एकतर पूर्ण भरलेली हवी नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धाव घेतं आणि गाडीला ओढतं, हे मला पटवण्यासाठी त्यांनी राजीवनगरच्या मोकळ्या मैदानावर अर्ध्या टाकीनिशी गोल गोल गाडी फिरवली. मला पाण्याचं शास्त्र नीट कळलं की नाही ते माहीत नाही. सकाळचे पोहे मात्र मैदानावरच राहिले. नंतर पाणी धावू नये म्हणून त्यांनी टाकीच्या आत पत्र्याचे आडवे पडदे बसवून घेतले आणि माझी क्षमा मागण्याऐवजी माझे आभार मानले.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे एकदा डोक्यात बसल्यावर माणसं त्यांना लिटरमध्ये दिसू लागली. "धाकटी एकसष्ट लिटर, चालेल," असं माझ्या बायकोबद्दल म्हणाले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "तुम्ही ब्याऐंशी. तुमच्यात हिचे सत्तावीस दिवस निघतात." मी चिडून म्हणालो की मी घरीच बसतो. तर म्हणाले, "नाही, या. पाइप धरायला कोणीतरी लागेलच."

जानेवारीत एका सकाळी आम्ही चौघं निघालो. ताई, माझी बायको आणि मी मागे, साडू चाकावर. पाणी भरताना त्यांनी जे केलं तेच पुढे नडलं. नळाचं पाणी त्यांनी एकामागून एक अशा चार गाळण्यांतून काढलं होतं, वीज केंद्रातल्यासारखं, क्षाराचा कणही शिल्लक न ठेवता. यंत्रावर शून्य दिसत होतं. सबंध नाशिक जिल्ह्यात आज याहून शुद्ध पाणी कोणाच्या गाडीत नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि ते खरंच असणार. दिंडोरी मागे पडल्यावर त्यांनी आरशातून हुकूम सोडला, "हं, पहिला पेला." मी नळ सोडला, पंप गुरगुरला, पेला भरला. ताईंनी तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, तोंडातच ठेवला आणि मोठ्या कष्टाने गिळला. "काय झालं?" "काही नाही. हे पाणी पाण्यासारखं लागत नाही." साडू म्हणाले, "शुद्ध आहे ना, म्हणून." मी स्वतः पिऊन पाहिलं. पेला रिकामा झाला, पण आपण काही प्यायलो की नाही याची शंका तशीच राहिली.

ताईंनी प्रयत्न केला नाही असं नाही. दर दहा मिनिटांनी त्या "तुमच्यासाठी घेते" म्हणून पेला ओठाला लावायच्या आणि घशाशी आलेला घोट तिथेच अडायचा. तीस वर्षं गाडी चालू झाली की बंद होणारा तो घसा, त्याला फसवायचं तर निदान पाणी तरी ओळखीचं हवं होतं. माझ्या बायकोने चिमूटभर मीठ टाकून बघू म्हणताच साडू दुखावले. "एवढ्या कष्टाने जे काढलं तेच परत घालू?" वणीपर्यंत ते या मुद्द्यावर ठाम होते. वणीला त्यांनी गाडी थांबवली, स्वतः दुकानातून मिठाची पुडी आणली आणि मान खाली घालून पेल्यात मीठ टाकलं. आता ते गुळण्या करायच्या पाण्यासारखं लागत होतं. ताईंनी तेही तोंडात घेतलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं.

घाट सुरू झाला तेव्हा निघून तीन तास होऊन गेले होते. ताईंचा हात हळूच डाव्या कमरेवर गेला. आम्ही पाहिलं, आरशातून साडूंनीही पाहिलं. बाजूला जागा मिळताच त्यांनी गाडी उभी केली आणि न वळता म्हणाले, "परत फिरू या. चुकलं माझं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. ताई म्हणाल्या, "परत नाही. या रस्त्याने मी अकरा वर्षं गेलेय. तुम्ही चालवा." मग दुकानात मिळणारी बाटली घेऊ, असं मी सुचवलं, पण पुढे दहा किलोमीटर दुकान म्हणून नव्हतं. साडूंनी गाडी इतक्या सावकाश हाकली की एक सायकलवाला आम्हाला चढावर मागे टाकून गेला. ताई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या बैठकीखाली शंभर लिटर पाणी डुचमळत होतं.

यमुना पाड्याच्या तोंडाशीच उभी होती. तिने ताईंच्या पाया पडण्याआधी त्यांचा चेहरा पाहिला. "बाई, आधी बसा. पाणी प्या. झऱ्याचं हाय, आत्ताच आणलंय." तिने माठातून तांब्या भरून दिला. ताईंनी पेला मागितला नाही. तांब्या वर धरला आणि न थांबता संपवला. मग तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अजून आहे का गं?" दुसरा तांब्याही संपला. माझी बायको ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, तिने डोळ्यांना पदर लावला. साडूंनी सवयीने खिशातलं यंत्र काढलं, माठाकडे दोन पावलं गेले, यमुनाला म्हणाले, "बघू का जरा?" आकडा एकशे दहा आला. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. मला तो दिसला म्हणून मी लिहितो आहे.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांनीच करावं. गाडीखाली वाकून टाकीचं खालचं बूच काढलं आणि सबंध नाशिक जिल्ह्यातलं सगळ्यात शुद्ध पाणी यमुनाच्या अंगणातून वाहू लागलं. यमुनाची सासू आतून धावत आली. "अरं, पाणी सांडतां कशाला? म्हशीला तरी घालां." तिने बादली लावली, म्हशीपुढे नेली. म्हशीने हुंगलं, साडूंकडे एकदा नीट पाहिलं आणि मान फिरवली. तेवढं पाहिल्यावर साडू ताईंच्या शेजारी ओसरीच्या कडेला बसले आणि हसू लागले. आधी ते हसले, मग ताई, मग यमुनाची सासू. म्हैस सोडून सगळे हसलो.

झरा पाड्यापासून खाली, पाच-सात मिनिटांच्या उतारावर होता. साडूंनी यमुनाला विचारलं, "शंभर लिटर नेलं तर तुम्हाला कमी पडेल का?" यमुना म्हणाली, "आता जानेवारी हाय, काय नाय पडत. एप्रिलात विचाराल तर नाय म्हणेन." साडूंनी हे मनावर घेतलं. मोटारसायकलवरून कॅन आणून द्यायला यमुनाचा नवरा तयार होता. त्याला यांनी हात जोडले. हंडा स्वतः उचलला. बत्तीस वर्षं पंपांकडून पाणी वर चढवलेल्या माणसाने पहिला हंडा खांद्यावर घेतला, दहा पावलं चालला आणि निम्मा अंगावर ओतून घेतला. खाली धुणं धुणाऱ्या बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. त्यांतली एक पुढे झाली आणि म्हणाली, "असा नाय, दादा. कमरेला लाव, आणि पाण्याबरोबर चाल, त्याच्याआधी नको." साडूंनी तिचं म्हणणं विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. नऊ खेपा झाल्या. मी दोन केल्या आणि माझे ब्याऐंशी लिटर एका दगडावर ठेवून दिले. टाकी काठोकाठ भरली तेव्हा साडूंचा शर्ट ओला, गुडघे चिखलाचे आणि चेहरा असा होता की जेवणात वाढलेली नागलीची भाकरी आणि गुळाची खीर ते काही न तपासता जेवले.

परतीला दुपार कलली होती. गाडी सुरू झाली, मी पेला भरला, ताईंनी घेतला. घोट घशाशी जाऊन क्षणभर थांबला, हे मला दिसलं. मग तो खाली उतरला. पुढच्या घाटात दुसरा पेला झाला, मग तिसरा. आणि वणीच्या अलीकडे ताई जरा चाचरत म्हणाल्या, "अहो, थांबवा ना थोडं."

तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही गाडीवाल्याला हे सांगितलं नव्हतं. साडूंनी सपाट जागा शोधून गाडी उभी केली, मला हाताला धरून खाली उतरवलं आणि रस्त्यापलीकडच्या द्राक्षबागेकडे तोंड करून उभे राहिले. आत पंप गुरगुरला. साडू म्हणाले, "ऐकलंत?" मी म्हणालो, "हो." त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, आणि मी द्राक्षांचा भाव विचारला.

दिंडोरीला ताईंनी पुन्हा थांबवलं. म्हसरूळला थांबवलं. घर जेमतेम पाच मिनिटांवर राहिलं असताना, मुंबई नाक्याच्या पुढे, सगळी वाहनं मागून भोंगे वाजवत असताना ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, थांबवा." मी म्हणणार होतो की आता घरच आलं. पण साडूंनी तोवर गाडी कडेला घेतली होती आणि मागच्या भोंग्यांना हाताने थांबायची खूण करत ते खाली उतरले होते. ताई कोपऱ्यातलं दार लावून आत गेल्या. गाडीत मी आणि माझी बायको दोघंच राहिलो. ती खिडकीशी बसून पेल्यातलं पाणी पीत होती, सावकाश, एकेक घोट, जसं कोणी बऱ्याच दिवसांनी मिळालेलं काही खावं तसं. आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत आम्ही किती गावं फिरलो, किती एस्ट्या, किती गाड्या, आणि दर स्टँडवर बाटली मीच संपवत आलो.

"तू पितेस ना गं प्रवासात पाणी?" मी विचारलं.

तिने पेला रिकामा केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज प्यायले."